टर्बो बदलला तरी निळा धूर थांबत नाही? आधी ऑइलची परतीची वाट तपासा

जुन्या सेडानला कमी खर्चात टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बसवलेल्यांची एक तक्रार इतकी ठरलेली असते की पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं सांगता येतं. टर्बो बसवला, गाडी छान ओढायला लागली आणि थोड्याच दिवसांत सिग्नलला उभं राहिलं की सायलेन्सरमधून निळा धूर. कोणीतरी ठामपणे सांगतं, "टर्बोचं सील गेलंय." मग दुसरा टर्बो येतो. तो थोडे दिवस बरा चालतो आणि तोही धूर मारायला लागतो. तोवर हातातले पैसे संपत आलेले असतात आणि गाडीवरचा विश्वासही.

तिसरा टर्बो शोधत असाल तर आधी थांबा. पाठोपाठ दोन टर्बोंचं सील जाणं अशक्य नाही. पण बहुतेक वेळा दोन्ही टर्बो धडधाकट असतात, त्यांच्यातून ऑइलला खाली उतरायला वाट मिळत नसते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार आहे.

कारखान्यातून टर्बोसकट आलेल्या गाडीत ही वाट आधीच आखलेली असते. आपण साध्या इंजिनाला टर्बो लावतो तेव्हा ती आपल्याला करावी लागते. नवख्या माणसाचं सगळं लक्ष टर्बो, मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेला फाटे असलेला पाइप), इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) आणि ट्यूनिंगवर असतं. रिटर्न पाइपचा विचार होतो शेवटी, गाडी चालू करायची घाई झालेली असताना, आणि हाताशी उरलेली नळी तिथे लागते.

सील म्हणजे नेमकं काय

टर्बोच्या शाफ्टवरचं सील म्हणजे रबरी ऑइल सील असेल अशी बहुतेकांची समजूत असते. शाफ्टच्या टर्बाइनकडच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या पंख्याकडच्या) टोकाला प्रत्यक्षात पिस्टनच्या रिंगसारखी एक बारीक धातूची रिंग असते. कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) बाजूलाही बहुधा तशीच असते. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या पुढे फिरतो, तिथे सामान्य रबर टिकणारच नाही. ही रिंग ऑइल पूर्णपणे अडवत नाही. बाहेर हवेचा किंवा एक्झॉस्टचा दाब जास्त आणि आत ऑइलच्या पोकळीत दाब जवळपास शून्य, या फरकावर ती काम करते. ऑइल बेअरिंगमधून सुटलं की लगेच खाली पडून निघून जावं, रिंगेपाशी साचू नये, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

म्हणजे वर चढायला ऑइलच्या मागे पंप आहे, पण उतरताना त्याला फक्त स्वतःचं वजन आहे. त्यातच शाफ्ट ते इतकं घुसळतो की बाहेर पडताना ते फेसाळलेलं असतं आणि फेसाला जागा जास्त लागते. त्यामुळे आत जाणारी नळी आतून ३ ते ५ मिलिमीटरची चालते, परतीची मात्र १२ मिलिमीटरच्या खाली नको आणि १४ ते १६ मिळाली तर उत्तम. परतीच्या वाटेत कुठेही अडथळा आला की पोकळी भरते, रिंग ऑइलात बुडते आणि ऑइल दोन्ही टोकांनी बाहेर पडतं. यात सीलचा काहीही दोष नसतो.

सिग्नलला उभं असतानाच धूर का दिसतो, तेही यातच आहे. आयडलला एक्झॉस्टचा दाब अगदी कमी असतो, त्यामुळे रिंगेला बाहेरून मिळणारा आधार जातो. साचलेलं ऑइल हळूहळू टर्बाइनच्या घरात उतरतं, आणि हिरवा दिवा लागून तुम्ही रेस दिलीत की ते एकदम जळतं.

धूर नक्की टर्बोचाच आहे का?

हे आधी ठरवा, कारण जुनं इंजिन स्वतःही ऑइल खातं. सकाळी पहिल्या स्टार्टला एक झोत येऊन धूर थांबत असेल तर व्हॉल्व्ह सीलकडे बघा. लांब उतारावर गिअरमध्ये गाडी सोडून नंतर ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड किंवा पुन्हा सीलच. चढावर पूर्ण ताकद लावताना सतत निळा धूर राहत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर पहिला संशय घ्या. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर कूलंटचा असतो, त्याची चौकशी वेगळी.

पण नुसत्या वेळेवरून पक्कं सांगता येत नाही, स्पार्क प्लग काढून बघावेच लागतात. गाडी गरम करा, धूर येईपर्यंत आयडलला ठेवा, बंद करा, थोडी निवू द्या आणि सगळे प्लग क्रमाने काढून ओळीत मांडा. सगळे कोरडे, फिकट तपकिरी असतील आणि तरीही सायलेन्सर निळा धूर ओकत असेल, तर ऑइल सिलिंडरमधून जातच नाही. ते इंजिनानंतर, म्हणजे टर्बाइनमध्ये मिसळतंय. एकच प्लग काळा-ओला असेल तर तो सिलिंडर दोषी, टर्बो निर्दोष. सगळेच थोडे थोडे ओलसर असतील तर ऑइल इनटेकमधून येतंय, मग इंटरकूलरचा खालचा पाइप काढून बघा. पाइपच्या आत पातळ थर असणं नेहमीचंच आहे, ते ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतं. वाटीभर ऑइल ओघळलं तर मात्र कॉम्प्रेसरच्या बाजूने गळती आहे.

कॉम्प्रेसरच्या बाजूची गळती असेल तर आधी एअर फिल्टर बघा. फिल्टर चोंदलेला किंवा फारच छोटा असेल तर पंख्याच्या तोंडाशी ओढ तयार होते आणि रिंगेतून ऑइल खेचलं जातं. मोठा टर्बो आणि त्यावर मुठीएवढा फिल्टर, हे कमी बजेटच्या कामात फार दिसतं. फिल्टर बदलून पाहणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

परतीची वाट तपासणं

इथे वेळ घालवा. सुरुवात टर्बोच्या खालच्या फ्लॅंजपासून. बोल्ट काढून पॅकिंग बघा. पॅकिंगचं भोक फ्लॅंजच्या भोकाएवढं आहे का, की अर्धी वाट झाकतंय? सिलिकॉन पेस्ट लावली होती का? बाहेर जेवढी पेस्ट दिसते तेवढीच आतही दाबली गेलेली असते, आणि ती आत ओठासारखी वळून भोक अरुंद करते. सुटलेला तुकडा खाली एल्बोमध्ये जाऊन बसतो. या जागी कोरडं पॅकिंगच लावा, पेस्ट अजिबात नको.

नंतर फिटिंग. बाहेरून जाडजूड दिसणारे काही ९० अंशांचे एल्बो आतून ८ मिलिमीटरचेच असतात. १२ मिलिमीटरचं ड्रिल बिट हाताने प्रत्येक फिटिंगमधून सरकवून बघा, जिथे अडेल ते फिटिंग बदला. शक्य तिथे एल्बोच टाळा. नळी सरळ खाली येऊ द्या. वळण लागलंच तर मोठ्या गोलाईचं हवं, आणि मध्ये कुठेही नळी खाली जाऊन पुन्हा वर चढता कामा नये. तसा झोल राहिला तर तिथे ऑइल कायम साचून राहतं.

टर्बोचा मधला भाग नीट फिरवलेला आहे का तेही बघा. ऑइलचं खालचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेलं नसावं. दुसऱ्या गाडीसाठी बनलेला टर्बो आपल्या मॅनिफोल्डवर बसवला की हे तोंड हमखास तिरकं येतं. दोन्ही बाजूंच्या घरांचे बोल्ट ढिले करून मधला भाग फिरवता येतो. जुने बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. फिरवताना घर तिरकं ओढू नका, पंख्याची पाती वाकली तर टर्बो खरोखरच जाईल.

नळीचा प्रकारही महत्त्वाचा. रेडिएटरचा साधा होज ऑइलने फुगतो, त्याचा आतला थर सुटून नळी आतल्या आत मिटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. निळा-लाल चकचकीत सिलिकॉन होजसुद्धा ऑइलसाठी नसतो, त्यातून ऑइल पाझरतं. गरम ऑइलसाठीच बनवलेली नळी घ्या आणि एक्झॉस्टच्या बाजूने जात असेल तिथे उष्णतारोधक वेष्टण घाला.

आता ऑइल चेंबरकडचं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याकडचं टोक. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू द्या, डिपस्टिकवर पातळी बरोबर आहे याची खात्री करा आणि रिटर्नची नळी चेंबरकडून सोडवा. खाली भांडं ठेवा. भोकातून ऑइल वाहायला लागलं तर भोक पातळीच्या खाली आहे, आणि निदान इथेच झालं. नळीत कायम ऑइल उभं असेल तर वरून येणाऱ्या फेसाला उतरायला जागाच नाही. भोक पातळीच्या वर, चेंबरच्या वरच्या कडेजवळ हवं. पण तिथेही क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) भिरभिरण्यातून उडणारं ऑइल थेट भोकावर आपटत असेल तर परतीचा प्रवाह अडखळतो. शक्य असेल तर क्रँक वरून खाली येतो त्या बाजूला भोक नको.

यानंतर एक सोपी चाचणी करा. चेंबरमधून लिटरभर ऑइल काढून घ्या. नळी चेंबरला परत जोडा आणि तिच्या वरच्या, टर्बोकडून सोडवलेल्या टोकात नरसाळं लावून तेच ऑइल ओता. ते सरसर खाली गेलं पाहिजे. नरसाळ्यात तुंबलं, गुळगुळ आवाज करत थांबत थांबत उतरलं, तर अडथळा कुठेतरी शिल्लक आहे. शांतपणे ओतलेलं ऑइल जी नळी उतरवू शकत नाही, ती फेसाळलेलं ऑइल काय उतरवणार?

चेंबरला नवीन भोक करायचं असेल तर चेंबर खाली उतरवूनच करा. जागेवरच भोक पाडून "ग्रीस लावलं की बुरादा चिकटतो" असा सल्ला मिळतो. सगळा बुरादा चिकटत नाही, आणि उरलेला इंजिनाच्या बेअरिंगांत जातो. कमी बजेटमध्येही या एका कामासाठी चेंबर उतरवायची मेहनत घ्या.

टर्बो फार खाली बसवला असेल आणि त्याचं खालचं तोंडच चेंबरमधल्या पातळीच्या जवळ येत असेल, तर नळीच्या कुठल्याही जोडणीने हे सुटणार नाही. मग ऑइल खेचून काढणारा वेगळा पंप हवा किंवा मॅनिफोल्ड बदलून टर्बो वर घ्यायला हवा.

वाट मोकळी आहे, तरी धूर आहे

मग क्रँककेसमधला, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीतला दाब बघा. परतीची नळी शेवटी क्रँककेसमध्येच उघडते. तिथे दाब असेल तर तो नळीतून वर येतो आणि ऑइलला खाली येऊ देत नाही. नळी कितीही जाड लावा, फरक पडत नाही.

दाब येतो कुठून? साध्या इंजिनात रिंगांवरून खाली सुटलेला वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (याच वायूसाठीच्या एकदिशा झडपेतून) इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो, कारण तिथे बहुतेक वेळा निर्वात असतो. टर्बो लावल्यावर बूस्टच्या वेळी, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, त्याच मॅनिफोल्डमध्ये दाब असतो. जुना व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल तर तुमचा बूस्टच क्रँककेसमध्ये घुसतो. व्हॉल्व्ह काढा, मॅनिफोल्डकडच्या टोकातून तोंडाने फुंका. हवा पलीकडे जात असेल तर तो बदला, आणि त्याच्या जोडीला बूस्ट सहन करणारा एकदिशा व्हॉल्व्ह लावा.

शिवाय बूस्टच्या वेळी पीसीव्ही मिटलेला असताना वायूला दुसरी वाट हवीच. हेड कव्हरपासून १६ ते १९ मिलिमीटरची नळी कॅच कॅनमध्ये (वायूतलं ऑइल अडवणाऱ्या डब्यात), आणि कॅनपासून एअर फिल्टर व टर्बो यांच्यामधल्या पाइपात. कॅच कॅन घेताना त्याच्या तोंडांची आतली रुंदी मोजून घ्या. दिसायला देखण्या अनेक कॅनची तोंडं पेन्सिलएवढी असतात. ऑइल उडतं म्हणून ब्रीदरला बूच मारलेल्या गाड्याही असतात. तुमच्या गाडीला तसं असेल तर ते आत्ताच काढा, कारण तेवढ्याने मागचं क्रँक सीलही बाहेर येऊ शकतं.

दाब मोजायला महागडं मीटर लागत नाही. दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, तिला इंग्रजी यू अक्षरासारखा आकार देऊन फळीवर उभी बांधा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या पाइपवर घट्ट बसवा. दुसरं टोक उघडं. आयडलला पाणी इंजिनाकडे थोडंसं ओढलं जायला हवं किंवा जागेवर राहायला हवं. उघड्या टोकाकडे सरकत असेल आणि रेस दिल्यावर आणखी चढत असेल तर आत दाब आहे. पूर्ण ०.१ बारला पाणी जवळपास १ मीटरचा फरक दाखवतं, त्यामुळे अगदी बारीक दाबही डोळ्यांनी दिसतो. इंजिनाकडची बाजू उंच ठेवा, म्हणजे ओढ जास्त झाली तरी पाणी आत जाणार नाही.

ब्रीदर आणि पीसीव्ही नीट करूनही पाणी चढत असेल तर वायू प्रमाणाबाहेर सुटतोय. इथे मला काळजी वाटते ती एका शक्यतेची. मूळचं साधं इंजिन ९ किंवा १० कॉम्प्रेशन रेशोचं, आत कास्ट पिस्टन, त्यावर ०.५ बार बूस्ट आणि इग्निशन होतं तसंच, असं असेल तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट होतो. नॉकिंगने पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तडकते. गाडी तरीही चालत राहते, कधीकधी आवाजही येत नाही. दिसतो तो फक्त निळा धूर, आणि खापर फुटतं टर्बोवर. म्हणून गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर गळती रिंगांकडून आहे. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती बघणं) करता आली तर अधिक चांगलं. हवा भरल्यावर ऑइल टाकायच्या तोंडातून फुस्स ऐकू येतं का ते बघा.

असं निघालं तर बूस्ट लगेच बंद करा. इंजिन उघडायचं की दुसरं आणायचं, ते नंतर ठरवता येईल. पण मिश्रण दाखवणारं वाइडबँड मीटर आणि इग्निशन मागे घेण्याची सोय झाल्याशिवाय त्यावर पुन्हा बूस्ट देऊ नका. नवीन इंजिनाचंही तेच होईल.

टर्बो खरोखर गेला असेल तर

थंड टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. साध्या बेअरिंगच्या टर्बोत तो आडवा किंचित हलतो आणि ते ठीक आहे, ऑइलचा थर भरला की तो मध्यावर येतो. पण पुढे-मागे खेचल्यावर हालचाल स्पष्ट जाणवली, किंवा आडवा दाबून फिरवताना पाती घराला घासली, तर तो टर्बो गेला.

तरीही तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा लावू नका. आत जाणारी ऑइलची नळी काढून प्रकाशात धरा. गरम गाडी लगेच बंद करायची सवय असेल तर आत जळलेल्या ऑइलचा काळा थर साठलेला असतो. अशी नळी धुऊन वापरू नका, नवी घ्या. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावलेली असेल तर आटे तपासा. कित्येक जपानी इंजिनांत तिथे इंचाला २८ आटे असतात आणि बाजारातली बरीच फिटिंग २७ आट्यांची असतात. ती एक-दोन फेरे बसतात, मग गळतात, मग टेफ्लॉन टेपचे थर चढतात आणि त्या टेपची एक चिंधी बेअरिंगच्या भोकात जाऊन बसते. योग्य आट्याचं फिटिंग आणि आट्यांवर पातळ द्रव सीलंट लावलं की हा त्रास राहत नाही.

ऑइलचा प्रवाह कमी करणारं नोझल सरसकट लावू नका. बॉल बेअरिंगच्या टर्बोला साधारण १ मिलिमीटरच्या भोकाचं नोझल लागतं. साध्या बेअरिंगच्या टर्बोला तेच घातलं तर धूर कमी झालेला दिसेल आणि बेअरिंग उपाशी मरेल.

दुरुस्तीनंतरचे पहिले दिवस

दोष सापडला, दूर केला, गाडी चालू केली आणि पुन्हा निळा धूर! इथे बरेच जण हात टेकतात. सायलेन्सरमध्ये आणि इंटरकूलरमध्ये आधीचं ऑइल साठलेलं असतं. इंटरकूलर काढून सॉल्व्हंटने धुऊन पूर्ण वाळवा. सायलेन्सरमधलं ऑइल जळूनच जावं लागतं. त्यासाठी गाडी जागेवर उभी करून रेस देत बसू नका, रस्त्यावर मध्यम वेगाने, बूस्ट न वापरता, चांगली तासभर चालवा. धूर वाढत जात नाही, कमी होत जातोय, हे पाहायचं.

मग ऑइल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि ५०० किलोमीटरनंतर त्याच सपाट जागेवर, गाडी थंड असताना पुन्हा मोजा. पातळी जवळपास तिथेच असेल आणि पाण्याच्या नळीने आयडलला ओढ दाखवली तर थोडा थोडा बूस्ट परत द्यायला सुरुवात करा. पातळी घसरली असेल तर पुन्हा प्लग काढण्यापासून सुरू करा.